कच्चा टाका

आचाऱ्याने डबा उपडा केला तो थेट शिलाई मशीनवरच. पावाच्या कडा, पावाची टोकं, कुठे अर्धा चावलेला, कुठे दगडासारखा वाळलेला, कुठे हिरवी बुरशी धरलेला तुकडा, असा सगळा ढीग सुईखालच्या फ्रॉकवर येऊन पडला.

“बघा!” तो म्हणाला. “डोळे भरून बघा काकू! एका खोलीतल्या गाद्यांखालून निघालंय हे. एका! अहो, मी काय या पोरांना उपाशी मारतो? पोटाला तडस लागेस्तोवर वाढतो. वर विचारतो, आणखी हवंय का, लाजू नका. तोंडाने ‘नको’ म्हणतात आणि उठताना खिशात कोंबतात. माझ्या हाताला काही अब्रू आहे की नाही?”

मशीनकाकूने पायडलवरचा पाय थांबवला, तुकडे बाजूला सारले आणि फ्रॉक झटकला.

“आधी माझ्या कापडावरची बुरशी काढा, मग अब्रूचं बघू.”

“अब्रूचं बघायला मोठ्या बाईच येतायत. तुमच्याकडेच. त्या बारक्याचं बोट कुरतडलंय उंदराने. तुकडा मुठीत धरून झोपला होता.”

काकूचा हात फ्रॉकवर तसाच राहिला.

“फार लागलंय?”

“पट्टी बांधलीय. रडला नाही. उंदराने पाव नेला म्हणून मात्र रडला.”

आता गोष्ट अशी, की ते खिसे लावले होते काकूनेच. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

संस्थेचं घर म्हणजे पूर्वीचं गोदाम. समोर लोखंडी शटर, आत भिंती घालून पाडलेल्या खोल्या, मागे अंगण आणि अंगणाला गजांचं कुंपण. सरहद्दीकडे लढाई पेटली, की बस भरून पोरं यायची. कुणाचं कुणी उरलेलं नसायचं, कुणाचं असलं तर ते कुठे आहे याचा पत्ता नसायचा. त्यांच्यासाठी कपडे यायचे पोत्यांनी, चांगल्या घरच्यांनी दिलेले. झालरी, फुग्यांच्या बाह्या, पाठीवर हा एवढा बो. पण खिसा? मुलींच्या कपड्यांना तर औषधालाही खिसा नाही.

आणि काकूची अख्खी हयात गेली होती गणवेशाच्या कारखान्यात. शाळेच्या नव्हे, फौजेच्या. तिथे खिशांची काय ती चैन! छातीला खिसे, कमरेला खिसे, मांडीला खिसे, बाहीवरसुद्धा एक, तो कशाला ते देवच जाणे. नवरा वारला, कारखान्याने निवृत्त केलं, तेव्हा घरात बसून भिंतींशी काय बोलायचं म्हणून ती संस्थेत आली. पहिलं पोतं उघडलं, पहिला फ्रॉक उलटासुलटा केला आणि म्हणाली, “अरे, हे काय! हात कुठे घालायचा पोरीने?” त्या दिवसापासून तिच्या मशीनखालून एकही कपडा बिनखिशाचा गेला नाही. तिला स्वतःला मात्र कधी खिसा लागला नाही. सुया छातीशी टोचलेल्या, टेप गळ्यात, कात्री कमरेला नाडीने लोंबणारी आणि अंगात तो पायघोळ झगा, घरचा आणि बाहेरचा एकच.

मोठ्या बाई आल्या. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे तुम्ही उगाच त्यांच्या नावाने बोटं मोडाल. ही संस्था त्यांनी उभी केली होती ती सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवून. गोळीबार चालू असताना ट्रकमध्ये बसून पोरं आणायला त्या स्वतः गेल्या होत्या. हसायला मात्र त्यांना सवड झाली नव्हती.

“काकू, सगळे खिसे बंद,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“तोंडावर टीप मारायची. सगळ्या कपड्यांच्या. गुरुवारच्या आत.”

“बाई, उंदराचा राग खिशावर कशाला? सापळे लावा, मांजर आणा.”

“सापळे लावलेत. मांजर आणलं होतं, ते आचाऱ्यांनी हाकललं.”

“दुधात तोंड घालत होतं,” आचारी दारातून म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

बाई स्टुलावर बसल्या. “गुरुवारी मंडळाचे पाहुणे येतायत. आपलं छप्पर, धान्य, औषधं, सगळं त्यांच्या मंडळावर चाललंय. त्यांनी गाद्यांखालची ही घाण बघितली आणि हात आखडला, तर ही पोरं जातील कुठे? परत सरहद्दीवरच्या तंबूंत. तिथून मी आणलीयत त्यांना काकू. मला माहीत आहे तिथे काय आहे ते.”

काकूने फ्रॉकला चिकटलेला पावाचा कण नखाने उडवला.

“आणि नुसता उंदराचा प्रश्न नाहीये,” बाई पुढे म्हणाल्या. “खिशात पाव आहे तोवर पोर मनाने इथे आलेलंच नाही. ते अजून पळतंच आहे. तुम्ही एकेक खिसा लावता ना, तेव्हा त्यांना सांगता, बाळांनो, तयार राहा, परत पळायचंय. मला त्यांना सांगायचंय, की संपलं ते सगळं. आता इथेच राहायचं.”

“संपलं?” काकूने विचारलं. “तुम्ही खात्री देता?”

“अशी खात्री कोण देऊ शकतं?”

“मग खिसा राहू द्या.”

बाईंचा चेहरा एकदम कडक झाला. त्या उठल्या. “तुम्हाला जमत नसेल तर बाहेरून शिंपी बोलावते. तो शिवणार नाही, कात्रीने कापून टाकेल. तासाभराचं काम.”

कात्रीने कापणार! काकूच्या डोळ्यांपुढे ते उघडे पडलेले शिवणीचे काठ आले आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. पण तोंडाने ती एवढंच म्हणाली, “माझ्या कामाला दुसऱ्याचा हात लागायला नको. शिवते मीच.”

दुपारी रेडिओ आला. रेडिओ म्हणजे मुलगी, वय आठ-नऊ, समोरचे दोन दात पडलेले. सकाळी डोळा उघडला की तिचं तोंड सुरू व्हायचं, आणि बंद करायचं बटण अजून कुणाला सापडलं नव्हतं. तिला मशीनशेजारी चिंध्यांच्या ढिगावर बसायला फार आवडायचं.

“काकू, तुला माहितीये, कबुतराला दात नसतात. मला पण नाहीत. पण माझे येणारेत, त्याचे येणार नाहीत. बारक्याचं बोट सुजलंय, मी बघितलं, त्याने मला एकटीलाच दाखवलं. आचारी ओरडत होते. त्यांच्या मानेवरची शीर अशी फुगते, बघितलीयस? काकू, तू खिसे शिवून टाकणार?”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. मी ऐकलं. मला सगळं ऐकू येतं. माझा शिवू नकोस हं.”

“सगळ्यांचेच शिवायचेत बाळा. खिशात पाव ठेवला की उंदीर येतात.”

“पण पाव तर वाटेत लागतो!” एवढी साधी गोष्ट काकूला कळू नये याचं तिला नवल वाटलं.

“कुठल्या वाटेत? आता इथेच राहायचं आहे. मोठ्या बाई म्हणाल्या ना?”

“म्हणाल्या. पण तिकडे शाळेतल्या बाईपण असंच म्हणाल्या होत्या, की आता काही होणार नाही, उद्या गृहपाठ करून या. मी केला होता.” रेडिओने एक चिंधी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. “निघालो त्या दिवशी ना, आईने मला लग्नातला फ्रॉक घातला. वर ठेवलेला तोच हाताला लागला. मस्त होता, चकचकीत, पण त्याला खिसा नव्हता. आई म्हणाली, पाव नीट धर, पाडू नकोस, वाटेत लागतो. मग एका हातात पाव. एका हातात पिशवी, ती आईनेच दिलेली, तीपण पाडायची नव्हती. मग माझ्या भावाला, छोटूला, कसं धरणार? हातच उरला नाही ना. मी त्याला म्हटलं, माझा फ्रॉक घट्ट धर. त्याने धरलेला. बराच वेळ धरलेला. मग बघितलं तर नव्हता.”

मशीन बंद होतं. काकूने पाय कधी थांबवला ते तिचं तिलाही कळलं नाही.

“खिसा असता तर पाव खिशात गेला असता,” रेडिओ म्हणाली. “म्हणून सांगते, माझा शिवू नकोस. बारक्याला मीच धरते ना आता. त्याला कुणीतरी धरायला पाहिजे. काकू, कबुतराला जीभ असते का?”

“असते,” काकू म्हणाली. “जा, बाहेर खेळ जा जरा.”

पोरगी गेली आणि काकूला आला तो संताप. रडू नव्हे, संताप. कुणी शिवला होता तो फ्रॉक? कुठल्या मेल्याने लेस लावली, चकचकीत अस्तर लावलं आणि एवढी वीतभर चिंधी खिशाला वाचवली? त्याला समोर उभा करून जाब विचारावा असं तिला वाटलं. मग स्वतःचेच हात आठवले. या हातांनी फौजेच्या कपड्यांना किती खिसे लावले याची गणतीच नव्हती. लढायला जाणाऱ्याने गोळ्या ठेवायच्या, सिगारेटी ठेवायच्या, बायकोचा फोटो ठेवायचा. त्याच्या अंगभर खिसे. आणि पळणाऱ्या पोरीला एक नाही. वा रे न्याय! तिने दोऱ्याचं रीळ उचललं आणि ते मशीनला न लावता पिशवीत टाकलं. तिच्या मनात काय ते पक्कं झालं होतं.

घरी तिची नणंद होती. लग्न केलं नाही, जन्म इस्पितळात आयागिरीत काढला, आणि भावाच्या माघारी आता दोघी एका छपराखाली राहत होत्या. एकमेकींशी भांडल्याशिवाय दोघींनाही अन्न पचत नसे. काकूने पाव कापून तव्यावर टाकलेला पाहून नणंद कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“वहिनी, पाहुणे जेवायला येतायत की पलटण?”

“वन्सं, बोलू नका. कडक भाजायचाय. ओलसर राहिला की बुरशी धरतो.”

“कुणासाठी?”

काकूने सगळं सांगितलं. रेडिओचं, फ्रॉकचं, छोटूचं. नणंद ऐकत ऐकत तव्याशी आली आणि तिने काकूच्या हातातलं उलथनं काढून घेतलं.

“तू जाळतेस. सर तिकडे.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “म्हणजे खिसे शिवायचे, पण आत पाव ठेवून.”

“वरून कच्चा टाका. हाताचा, लांब लांब. टोकाला गाठ नाही, दोरा बोटभर बाहेर. ओढला की सरकन निघेल. बाईंनी बंद करायला सांगितलेत, बंद केलेत. पक्के करा असं कुठे म्हणाल्या?”

“शब्दात पकडतेस होय बाईंना? कळलं तर तुला हाकलतील. मग म्हातारपणी आपण दोघी हाच पाव चघळत बसू, तोही दात नसताना.”

“कळू दे कळलं तर.”

“मी कुठे नको म्हणतेय?” नणंद फणकारली. “नुसता ठेवू नकोस, उंदराला वास लागेल. आधी मेणकागद, वर कापड. इस्पितळात आम्ही औषधाच्या पुड्या बांधायचो तसं. आण इकडे, तुला यायचं नाही ते.” आणि ती बांधायला बसली. पुड्या अशा घट्ट आणि चौकोनी, की काकूने मनातल्या मनात कौतुक केलं. तोंडाने केलं नाही, सवय नव्हती.

मग काकूने काम उरकलं. एकेका पोराला बोलावून त्याच्यासमोर पुडी खिशात ठेवली, त्याच्यासमोर टाका घातला आणि बाहेर ठेवलेलं दोऱ्याचं टोक त्याच्या चिमटीत दिलं.

“हे कशासाठी?”

“ओढायला.”

“कधी ओढायचं?”

“निघायचं झालं तरच. भूक लागली म्हणून नाही, गंमत म्हणून तर मुळीच नाही. भूक लागली तर आचाऱ्यांकडे जायचं. ओढलास आणि मला दिसलं, तर कान उपटीन.”

“आणि गादीखाली?”

“गादीखाली काही नाही. खिशात आहे ना? मग गादीखाली कशाला?”

बारक्याने सुजलेल्या बोटाने खिसा दाबून पाहिला. आत कडक लागलं. त्याने मान डोलावली आणि गादीखालून शेवटचा तुकडा स्वतः काढून आणून दिला.

पोरांनी शब्द पाळला. एकाही खिशाचा दोरा निघाला नाही. गाद्या स्वच्छ, सापळे रिकामे. आचारी अंगणात उभा राहून म्हणाला, “बघा, आता कशी माणसात आली पोरं!” बाईंनी येता-जाता एक-दोन खिशांवरून बोट फिरवलं, ते बंद होते. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. काकूने ताकास तूर लागू दिली नाही.

गुरुवारी पाहुणे आले. वयस्कर गृहस्थ, चष्मा, मऊ आवाज, पोरांसमोर वाकून बोलणारे. आत उजेड दिसावा म्हणून बाईंनी त्या दिवशी पुढचं लोखंडी शटर वर करून ठेवलं होतं. ते एरवी कधी उघडत नसत, साखळी जुनी होती. पाहुण्यांनी खोल्या पाहिल्या, गाद्या उचलून पाहिल्या, आचाऱ्याच्या हातचं खाऊन पाहिलं. बाई शेजारी चालत सांगत होत्या, “सुरुवातीला मुलं पाव लपवून ठेवायची. आता नाही ठेवत. आता त्यांना इथे सुरक्षित वाटतं.”

आणि शटर कोसळलं.

साखळी सुटली असावी. काय तो आवाज! भिंती हादरल्या, आचाऱ्याच्या हातातलं ताट पडलं, पाहुणे दोन्ही हातांनी कान झाकून खाली बसले. काकूच्याच तोंडून किंकाळी निघाली.

पोरांपैकी कुणी ओरडलं नाही. सगळी उठली. खेळणी जिथल्या तिथे सोडली, रंगाचे खडू सोडले. सरसर, सरसर असा आवाज झाला, सगळ्या खोलीभर, आणि काकूला कळलं की दोरे निघाले. प्रत्येकाने खिशात हात घातला, पुडी आहे ना ते चाचपलं आणि हात बाहेर काढला. मग त्या रिकाम्या हाताने शेजारच्याचा हात धरला. मोठ्याने छोट्याचा, त्याने त्याच्याहून छोट्याचा. मागच्या दाराशी रांग लागली. कुणाच्या हातात पिशवी नव्हती, बाहुली नव्हती, काही नव्हतं. रेडिओने बारक्याचं मनगट असं धरलं होतं की तिची बोटं पांढरी पडली होती. आणि ती बोलत नव्हती.

बाईंना सावरायला क्षणभर लागला. “ही... ही आमची कवायत आहे,” त्या म्हणाल्या. “आग वगैरे लागली तर. घेतो आम्ही अधूनमधून.”

पाहुणे उठले. त्यांनी चष्मा नीट केला, रांगेकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “वा! काय शिस्त आहे! मी इतक्या संस्था बघितल्या, पण असं कुठे नाही पाहिलं.” आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

झालं होतं सगळं नीट, खरं सांगायचं तर. काकू गप्प बसती, तर पाहुण्यांनी हसतमुखाने निरोप घेतला असता, छप्पर राहिलं असतं, धान्य राहिलं असतं, तिची नोकरीही राहिली असती. पण पोरांना त्या टाळ्या कळेनात. ती दाराकडे बघत होती. रेडिओने मान वळवून हळूच विचारलं, “काकू, निघायचं ना? तू चल ना.”

“टाळ्या थांबवा,” काकू म्हणाली.

“काकू!” बाई म्हणाल्या.

“नाही बाई, आता बोलूच द्या. साहेब, ही कवायत नाहीये. कुणी शिकवलेलं नाही यांना. पोरं निघालीयत.”

पाहुण्यांचे हात तसेच राहिले. ते रेडिओजवळ गेले, वाकले. “कुठे निघालात बाळ?”

“ते नाही माहीत,” रेडिओ म्हणाली. “आधी निघायचं असतं. कुठे ते मग ठरतं.”

पाहुण्यांनी बारक्याच्या खिशातून लोंबणारा दोरा पाहिला, काकूच्या गळ्यातला टेप पाहिला आणि ते गाडीत जाऊन बसले. पोरांना परत खोलीत बसवायला आचारी आणि काकू दोघांनाही घाम फुटला.

बाईंनी दार लावून घेतलं. त्यांचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं.

“तुम्ही मला फसवलंत. वर परक्या माणसासमोर माझा शब्द खोटा पाडलात. आणि जे होऊ नये म्हणून मी जिवाचं रान करतेय, तेच पोरांकडून करवून घेतलंत.”

“मी करवून घेतलं नाही. शटर पडल्यावर ती निघणारच होती. माझ्यामुळे हात रिकामे होते एवढंच.”

“उद्यापासून येऊ नका.”

“खिसे?”

“काकू, तुम्हाला कामावरून काढलंय मी!”

“ते ऐकलं. मी खिशांचं विचारतेय.”

बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. काकूने मान ताठ ठेवून पिशवी भरली. रिळं, कात्री, बटणांचा डबा, इस्त्रीखाली घालायचं जुनं कापड. मशीन संस्थेचं होतं, त्यावरून एकदा हात फिरवला. इतक्या वर्षांत हाताच्या उष्णतेने त्याचा रंग एका जागी उडाला होता.

फाटकाशी पोहोचली तोच मागून धावत पावलं आली.

“काकू! काकू, थांब! तू निघालीस? तुला आधी सांगितलं पण नाही? नाहीच सांगत कुणी. हे घे.” रेडिओने आपली पुडी तिच्या हातात कोंबली. “वाटेत लागतो.”

“अगं, तुझा आहे तो. तुला ठेव.”

“मी नाही निघाले. तू निघालीस.”

काकूने पुडी घेतली. मग त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवावा म्हणून ती वाकली, आणि थबकली. उजव्या हातात पिशवी होती. डाव्या हातात पाव होता. तिने झग्यावरून डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. दुसऱ्यांचे खिसे लावण्यात जन्म गेला आणि हिच्या स्वतःच्या अंगावर एक नाही.

“हात नाही ना उरला?” रेडिओ म्हणाली. “असंच होतं.”

काकू घरी आली ती तरातरा. नणंदेने दार उघडलं, पिशवी पाहिली, चेहरा पाहिला आणि “हाकललं ना?” एवढंच विचारलं. काकूने कोपऱ्यातली स्वतःची जुनी हातमशीन ओढली, धूळ पुसली, झगा काढून उलटा केला. फौजेच्या कपड्यावरून उरलेलं जाड कापड होतं, ते बेतलं.

“कच्चा टाका घालतेयस?” नणंदेने चहा ठेवत विचारलं.

“पक्का. दुहेरी टीप. बघू कोण उसवतंय.”

“माझ्याही झग्याला लाव एक. इस्पितळात जन्म काढला, थर्मामीटर कानामागे ठेवून.”

दुसऱ्या दिवशी काकू नेहमीच्या वेळेला संस्थेवर हजर. फाटकावरचा राखणदार कावराबावरा झाला.

“काकू, तुम्हाला आत सोडायचं नाही असं सांगितलंय.”

“आत कोण येतंय?” काकू म्हणाली. ती भिंतीच्या कडेने मागे गेली, अंगणाच्या कुंपणाबाहेर पिशवी टेकवली आणि दगडावर बसली. सुईत दोरा ओवला.

पोरांना कळायला कितीसा वेळ लागणार! कुंपणाशी झुंबड उडाली. गजांमधून एकेक फ्रॉक, एकेक शर्ट बाहेर यायला लागला. कुणाचा खिसा उसवला होता, कुणाला दोरा परत भरून हवा होता. रेडिओ पुढे.

“काकू, आचारी आज सकाळपासून पाव भाजतायत. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, ताटातला वेगळा, खिशातला वेगळा. आणि म्हणाले, भाजायचाच तर नीट भाजावा, तुझ्या काकूने करपवला होता. आणि मोठ्या बाई सकाळपासून फोनवर आहेत. आणि त्यांनी खिसे कापायला शिंपी नाही बोलावला, मी सारखी बघतेय.”

तेवढ्यात बाईच आल्या. बाईंच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“मंडळाचं अजून काही कळलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

“कळेल.”

“तुम्हाला परत कामावर घेतलेलं नाही मी.”

“मी विचारलंय का?”

बाईंनी गजांमधून बाहेर आलेल्या कपड्यांकडे पाहिलं. दगडावर बसलेल्या काकूकडे पाहिलं. “कुंपणाबाहेर कोण बसतं ते बघणं काही माझं काम नाही,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. दाराशी थांबून त्यांनी त्या शटरला नवी साखळी बसवायला माणूस बोलवायला सांगितलं.

रेडिओने गजाला नाक टेकवलं. “काकू, तो खाल्लास का तू?”

काकूने झग्यावर थोपटलं. नव्या खिशात पुडी होती, तशीच, चौकोनी. “नाही. ठेवलाय.”

“बरं केलंस.” आणि तिने गजांमधून हात बाहेर काढला.

काकूने सुई छातीशी टोचली, मांडीवरचा फ्रॉक बाजूला ठेवला आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.